‘बिअर’ म्हणायचं की नाही?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बिअर या विषयावर रेडिओवर बोलणार आहे, असं घरी सांगितल्यावर आमच्या सौ.ने पहिला प्रश्न विचारला, ‘‘अहो, लोक काय म्हणतील?’’ प्रश्न रास्त होता. मी मद्य घेत नाही. माझा या विषयाशी संबंध आला तो नोकरीमुळे. अन्नपदार्थांचं पृथक्करण करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. दूध, तूप, हळद, तिखट, चहा, जे समोर येईल ते तपासायचं आणि ते नियमात बसतं की नाही, एवढं कागदावर लिहून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे जगात कुठंही एखाद्या खाद्यपदार्थाच्या नावावरून भांडण चाललं असलं, की माझे कान टवकारतात.

आज ज्या भांडणाची हकीगत सांगणार आहे, ते जर्मनीत झालं. दहाएक वर्षं चाललं. एका बाजूला ब्रांडेनबुर्ग राज्याचं सरकार, दुसऱ्या बाजूला एका खेड्यातली बिअरची जुनी भट्टी. वादाचा मुद्दा एकच होता. त्या भट्टीत तयार होणाऱ्या काळ्या, गोडसर पेयाला ‘बिअर’ म्हणायचं की नाही? जर्मन वृत्तपत्रांनी या वादाला ‘ब्रांडेनबुर्गचं बिअरयुद्ध’ असं नाव दिलं होतं.

आमची मुलगी नोकरीनिमित्त बर्लिनला असते. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. राजवाडे, संग्रहालयं सगळं पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, आता तुमच्या आवडीची एक जागा दाखवते.’’ आम्ही पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलो. ओडर नदीच्या काठी फ्रँकफुर्ट नावाचं एक गाव आहे. मोठ्या विमानतळाचं ते फ्रँकफुर्ट वेगळं, हे त्याचं धाकटं नामबंधू. तिथं गाडी बदलून दक्षिणेला निघालं, की पूर्व जर्मनीच्या राजवटीनं पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं आयझेनह्यूटनश्टाट लागतं. त्याच्या पुढचं स्टेशन नॉयत्सेले. इथून पोलंडची हद्द अगदी जवळ.

गाव लहान, पण मठ असा, की पाहणारा उभाच राहतो. बाहेरून साधा वाटणाऱ्या चर्चमध्ये पाऊल टाकलं, की आत सोनेरी नक्षी, चित्रं, देवदूतांचे पुतळे. मठाची स्थापना १२६८ सालची. माइसेनचा सरदार हाइनरिश यानं आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ तो उभारला आणि सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंच्या हवाली केला. पंधराव्या शतकात हुसाइट बंडखोरांनी त्याची राखरांगोळी केली, तो पुन्हा उभा राहिला. भोवतालचा मुलूख मार्टिन ल्यूथरच्या मागे गेला, तरी हा मठ कॅथलिकच राहिला. १८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे गेला आणि १८१७ मध्ये प्रशियाच्या सरकारनं मठ बरखास्त केला. पुढं दोनशे वर्षं तिथं भिक्षू नव्हते. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या हायलिगनक्रॉइत्सच्या मठानं इथं पुन्हा आपली शाखा सुरू केली. आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या झग्यावर काळं वस्त्र घातलेले दोन तरुण भिक्षू अंगणातून लगबगीनं जाताना दिसले.

मठाशेजारी तळं आणि तळ्यापलीकडे बिअरची भट्टी. तिच्या पाटीवर साल लिहिलेलं आहे १५८९. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून चाळीस वर्षं होती.

देवाधर्माच्या ठिकाणी बिअर कशी, असा प्रश्न आपल्याला पडतो. युरोपातल्या मठांना तो पडला नाही. तिकडे जव पिकतो, थंडी फार, आणि बिअर हा रोजच्या जेवणाचा भाग. मठात पाहुणे येत, यात्रेकरू येत, त्यांचीही सोय करावी लागे. शिवाय उपवासाच्या दिवसांत द्रव पदार्थानं उपवास मोडत नाही, असा समज होता. आपण साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी साजरी करतो, तेव्हा या बाबतीत त्यांना हसायचा अधिकार आपल्याला नाही.

आता ही काळी बिअर होते कशी, ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं भांडण त्यातच आहे.

बार्ली म्हणजे आपला जव. तो भिजवून त्याला मोड आणायचे. मोड आले, की दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. मग तो जव भट्टीवर वाळवायचा. याला माल्ट म्हणतात. हलकं वाळवलं तर बिअर सोनेरी होते. काही दाणे कॉफीच्या बियांसारखे खरपूस भाजले, तर ती काळी होते. काळ्या बिअरचा काळा रंग हा असा भाजणीचा रंग आहे. हे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं, की पिठाची साखर होऊन गोड पाणी मिळतं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून ते उकळायचं. त्यानं कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. मग ते निववून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट ती साखर खातं आणि मद्यार्क व वायू तयार करतं.

यीस्टच्या जाती मुख्यतः दोन. एक उबदार हवेत, साधारण १५ ते २२ अंशांवर काम करते आणि वर तरंगते. दुसरी थंडीत, ८ ते १२ अंशांवर सावकाश काम करते आणि तळाशी बसते. पहिलीची ती ‘वर आंबणारी’ बिअर, दुसरीची ‘तळाशी आंबणारी’. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नॉयत्सेलेच्या काळ्या बिअरचं नाव ‘श्वार्त्सर आप्ट’, म्हणजे ‘काळा मठाधिपती’. ती तळाशी आंबणाऱ्या जातीची. तिचं आंबणं पूर्ण झालं, गाळून यीस्ट काढून टाकलं, की शेवटी तिच्यात साखरेचा पाक घालतात. यीस्टच उरलेलं नसल्यानं ही साखर खायला कुणी नसतं. त्यामुळे गोडी तशीच राहते. मद्यार्काचं प्रमाण ३.९ टक्के, म्हणजे नेहमीच्या जर्मन बिअरपेक्षा कमीच.

हा पाकाचा पेला सरकारला खटकला.

जर्मनीत बिअरसंबंधी एक नियम आहे. त्याचं नाव ‘राइनहाइट्सगेबोट’, म्हणजे शुद्धतेची आज्ञा. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे दोन सरदार, विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा, यांनी इंगोलश्टाट गावी एक हुकूम काढला. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काहीही घालता कामा नये. यीस्टचं त्यात नावही नाही. जगातल्या जुन्यातला जुना अन्नकायदा म्हणून जर्मन माणूस याचा अभिमान बाळगतो. आमच्यासारख्या तपासनिसांना तर हा कायदा म्हणजे मूळ पुरुषच.

पण मूळ हुकूम वाचला तर एक गंमत कळते. त्याचा बराचसा भाग शुद्धतेबद्दल नाहीच, दराबद्दल आहे. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिगपेक्षा आणि उन्हाळ्यात दोन फेनिगपेक्षा जास्त घ्यायचं नाही, हे त्यात आधी येतं. जवाचाच आग्रह धरण्यामागे गहू आणि राय पावासाठी राखून ठेवण्याचा हिशेबही होता. हुकूम निघाल्यावर तो दगडावरची रेघ राहिला असंही नाही. १५५१ मध्ये बव्हेरियातच धने आणि तमालपत्राच्या जातीच्या पानांना मुभा मिळाली. १६१६ मध्ये मीठ, जुनिपरची फळं आणि शहाजिरं यांनाही मिळाली. गव्हाची बिअर करण्याचा हक्क तर पुढं खुद्द राजघराण्यानंच आपल्याकडे ठेवला आणि त्यावर पैसा मिळवला. ‘शुद्धतेची आज्ञा’ हे भारदस्त नावही १५१६ चं नाही. ते पहिल्यांदा वापरलं गेलं १९१८ मध्ये, बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेत.

साऱ्या जर्मन साम्राज्यात हा नियम लागू झाला तो १९०६ मध्ये. तेव्हाही उत्तरेकडच्या जुन्या पद्धती लक्षात घेऊन एक सवलत ठेवावी लागली. वर आंबणाऱ्या बिअरमध्ये बव्हेरियासारखी काही राज्यं सोडून इतरत्र साखर चालेल, तळाशी आंबणाऱ्या बिअरमध्ये मात्र चालणार नाही. म्हणजे साखर हे काही विष ठरलं नव्हतं. कुठल्या यीस्टच्या सोबतीला ती आहे, त्यावर ती शुद्ध की अशुद्ध हे ठरत होतं.

आता नॉयत्सेलेकडे पाहा. १५८९ मध्ये हे गाव बव्हेरियात नव्हतंच. लाउझिट्स नावाचा हा मुलूख तेव्हा बोहेमियाच्या राजमुकुटाखाली होता. बव्हेरियाच्या सरदारांचा हुकूम इथल्या भिक्षूंना लागू नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो लागू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीचं समाजवादी राज्य आलं, भट्टी सरकारी मालकीची झाली आणि शुद्धतेचा नियम पुन्हा बाजूला पडला. पूर्व जर्मनीत बिअरमध्ये साखर व इतर धान्यं घालायला सरकारी मानकांनीच परवानगी दिली होती.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पश्चिमेचे कायदे पूर्वेला आले. सरकारी कारखाने विकायला निघाले. पूर्वेकडचे कितीतरी छोटे-मोठे उद्योग त्या काळात बंद पडले, माणसं घरी बसली, तरुण मुलं पश्चिमेकडे निघून गेली. अशा वेळी, १९९२ मध्ये, हेल्मुट फ्रिट्शे यांनी नॉयत्सेलेची भट्टी विकत घेतली. सोनेरी बिअरच्या बाजारात मोठ्या कंपन्यांपुढं या खेड्यातल्या भट्टीचा टिकाव लागणं कठीण होतं. तिची ओळख म्हणजे हीच काळी, गोडसर बिअर. आणि नेमक्या तिच्याबद्दल सरकारी खात्याचा आदेश आला : यात साखर आहे. ही तळाशी आंबणारी आहे. तेव्हा बाटलीवर ‘बिअर’ हा शब्द लिहिता येणार नाही.

पेय विकायला बंदी नव्हती, बंदी होती ती नावाला. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठं? समजा, तुमच्या गावात चार पिढ्यांचं पेढ्यांचं दुकान आहे, आणि उद्या कुणी सांगितलं, की हे विका, पण याला पेढा म्हणू नका. गिऱ्हाईक विचारील, ‘‘पेढा नाही तर हे आहे काय?’’ त्याला काय उत्तर देणार? नाव गेलं, की फळीवरची जागा जाते. शिवाय करवसुली करणाऱ्या कायद्याची व्याख्या निराळी. त्याच्या लेखी हे पेय बिअरच होतं आणि त्यावर बिअरचा कर भरावा लागत होता. एका सरकारी टेबलावर ती बिअर, दुसऱ्या टेबलावर नाही.

फ्रिट्शे यांनी न्यायालयाची पायरी चढली.

इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा माझं मत सरकारच्या बाजूनं होतं. मनात आलं, एकाला पाकाची परवानगी दिली, की उद्या दुसरा रंग घालील, तिसरा सुगंध घालील. नियमाला एक भोक पाडलं, की त्यातून बैलगाडी जाते, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. सरकारी बाजूचं म्हणणंही हेच होतं आणि ते चुकीचं नव्हतं. जर्मन गिऱ्हाईक ‘बिअर’ हा शब्द वाचून काही एक गोष्ट गृहीत धरतं. त्या विश्वासाला शेकडो वर्षं लागली आहेत. तो का मोडायचा?

पण त्या बातमीनं मला एक जुना प्रसंगही आठवला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे म्हशीच्या दुधाचा एक नमुना आला होता. आपल्याकडे तेव्हा १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश हवा, असा नियम. मी गर्बर पद्धतीनं तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा ५.६ आलं. पाणी घातल्याची खूण नाही, पावडर नाही, स्टार्च नाही, काही नाही. पण त्या कायद्यात नेमापेक्षा हलकं दूधही ‘भेसळ’ याच शब्दाखाली येत होतं. अहवालाखाली सही वरिष्ठांची, आकडा माझा. पुढं खटला उभा राहिला. एकदा कामासाठी कोर्टात गेलो असताना ती दूध विकणारी बाई मला व्हरांड्यात भेटली. नऊवारी नेसलेली, माझ्या आईच्या वयाची. ती एवढंच म्हणाली, ‘‘साहेब, मी त्यात काय मिसळलं, तेवढं सांगा.’’

मला उत्तर देता आलं नाही. कारण तिनं काहीच मिसळलं नव्हतं. म्हैस कशी होती, वैरण कशी होती, यानं ते दूध पातळ झालं असेल. माझा आकडा बरोबर होता. त्यावर जो शब्द चिकटवला गेला, तो बरोबर नव्हता.

नॉयत्सेलेचं प्रकरण याच्या बरोबर उलटं होतं. तिथं मिसळलेलं होतं आणि काय मिसळलं, ते भट्टीवाला उघडपणे सांगत होता. तरी प्रश्न तोच. नियमात बसणं आणि गिऱ्हाइकाला फसवणं, या दोन गोष्टी एकच आहेत का?

या वादाला आणखी एक विचित्र बाजू होती. १२ मार्च १९८७ रोजी युरोपीय न्यायालयानं एक निकाल दिला होता. शुद्धतेच्या आज्ञेचं कारण सांगून जर्मनीला परदेशी बिअर अडवता येणार नाही, त्या बिअरला ‘बिअर’ म्हणूनच विकू द्यावं लागेल, गिऱ्हाइकाला माहिती द्यायची तर ती लेबलवर द्या, असा तो निकाल. बेल्जियममधल्या मठांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या कितीतरी काळ्या बिअरमध्ये साखर असते. त्या बाटल्या ‘बिअर’ म्हणून जर्मन दुकानात येऊ शकत होत्या. आणि त्याच फळीवर जर्मनीतल्याच चारशे वर्षांच्या भट्टीतली बाटली मात्र स्वतःला बिअर म्हणू शकत नव्हती. पाहुण्याला ताट आणि घरच्याला पत्रावळ, अशातला हा प्रकार.

प्रकरण चढत चढत लाइपझिग इथल्या संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं. हे या प्रकारच्या खटल्यांचं जर्मनीतलं सर्वांत वरचं न्यायालय. २४ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. कायद्यात ‘विशेष बिअर’साठी अपवाद करण्याची एक तरतूद होतीच. सरकारी खातं तिचा अर्थ फार आखडून लावत होतं. न्यायालयानं सांगितलं, की राज्यघटनेनं व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, ते लक्षात घेऊन ही तरतूद मोकळेपणानं वाचली पाहिजे. शुद्धतेची परंपरा जपण्यासारखी आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. पण एखाद्या बिअरमध्ये शेवटी साखरेचा पाक घातला, तर गिऱ्हाइकाची फसगत टाळायला नावावर बंदी कशाला हवी? बाटलीवर स्पष्ट लिहा, म्हणजे झालं. नॉयत्सेलेला परवानगी द्यावी लागेल.

नियम मोडला नाही, त्याला माणसासाठी एक खिडकी ठेवली. शुद्धतेची आज्ञा कायम राहिली. माझी बैलगाडीची भीती काही खरी ठरली नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. लढणारा नेहमी साधुसंतच असतो असं नाही. या भट्टीला प्रसिद्धीची कला चांगली अवगत आहे. आंघोळीच्या पाण्यात ओतायची बिअर आणि म्हातारपण लांबवणारी म्हणून खपवायची बिअर, असेही प्रकार तिनं बाजारात आणले. २०२३ मध्ये तर पाण्यात कालवायच्या बिअरच्या भुकटीची घोषणा केली. ‘बिअरयुद्ध’ हीसुद्धा एक उत्तम जाहिरात होती, हे विसरून चालणार नाही.

आणि परंपरेचं म्हणाल, तर माझ्यातला रसायनवाला इथं थोडा अडतो. बिटापासून साखर मिळते, हा शोध आंद्रेआस मार्ग्राफ यांनी बर्लिनमध्ये लावला १७४७ साली. फ्रान्त्स आखार्ड यांनी सायलेशियात बिटाच्या साखरेचा पहिला कारखाना काढला, तो १८०० सालच्या पुढं. त्याआधी उसाची साखर जहाजानं येई आणि ती श्रीमंतांचा जिन्नस होती. तेव्हा १५८९ चे भिक्षू प्रत्येक पिंपात साखरेचा पाक ओतत होते, असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. परंपरा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण नव्हे, की उकरला आणि जसाच्या तसा निघाला. ती प्रत्येक पिढीत थोडी बदलते. बव्हेरियाच्या हुकुमात धने आले आणि गेले. नॉयत्सेलेच्या पिंपात पाक आला आणि राहिला. दोन्ही बाजूंना आपलीच परंपरा अस्सल वाटत होती, आणि दोघींच्या अंगावर ठिगळं होती.

दुपारी आम्ही मठाजवळच्या खाणावळीत बसलो. मुलीनं ‘काळा मठाधिपती’ मागवला. ग्लास समोर आला. रंग जवळजवळ काळा, उजेडासमोर धरला की तांबूस झाक, वर फिकट तपकिरी फेस. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘परीक्षण म्हणून दोन घोट.’’ ती म्हणाली, ‘‘एकतीस वर्षं परीक्षणाच्या नावाखाली तूपसुद्धा चाटलं नाहीत, आणि आता?’’

दोन घोट घेतले. आधी भाजक्या जवाची, कॉफीच्या जवळ जाणारी खरपूस चव लागली. मग मागून हळूच गोडवा आला. मला लहानपणी गुऱ्हाळावर मिळणाऱ्या काकवीची आठवण झाली. कडूपणा फारच थोडा. मला बिअरमधलं कळत नाही, त्यामुळे ती उत्तम की मध्यम, हे मी सांगणार नाही.

नंतर सवयीनं बाटली हातात घेतली आणि लेबल वाचायला लागलो. जर्मन येत नाही, मुलगी अर्थ सांगत होती. घटकांची यादी होती. पाणी, जवाचं माल्ट, हॉप्स आणि त्यांच्याबरोबर साखरेचा पाक. लपवाछपवी नाही. ज्याला नको, त्यानं दुसरी बाटली घ्यावी. मी ते चार-पाच शब्द पुन्हा एकदा वाचले. वरिष्ठांच्या सहीसाठी मी आयुष्यभर जे कागद लिहिले, त्यांवर ‘नियमात बसतं’ किंवा ‘बसत नाही’ एवढंच असे. या बाटलीवर त्याहून साधी गोष्ट लिहिली होती : यात काय आहे.

आपल्याकडेही पुढं कायदा बदलला. १९५४ चा कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला, तो प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ रोजी. त्यात घातक अन्न वेगळं, कमी दर्जाचं अन्न वेगळं आणि खोट्या लेबलचं अन्न वेगळं, अशी विभागणी केलेली आहे. कमी दर्जाला दंड आहे, पण घातक अन्नाच्या रांगेत त्याला उभं केलेलं नाही. वाचायला हा कलमांचा खेळ वाटतो. पण ज्याच्या दुधावर, ज्याच्या भट्टीवर तो शब्द चिकटवला जातो, त्याच्या दृष्टीनं त्यात सगळं काही असतं.

नियम हवेतच. मी आजही त्यांच्याच बाजूचा आहे. दुधात पाणी आणि तिखटात विटेची भुकटी घालणाऱ्याला दया दाखवा, असं मी म्हणणार नाही. पण नियमानं एखाद्या वस्तूला नाव देताना किंवा तिचं नाव काढून घेताना एक प्रश्न आधी विचारावा, की यात कुणाची फसवणूक झाली आहे का? लाइपझिगच्या न्यायाधीशांनी तो विचारला. नॉयत्सेलेच्या काळ्या बिअरला तिचं नाव परत मिळालं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही बर्लिनला परतलो. रिकामी बाटली मी धुऊन पिशवीत ठेवली होती. ती आता माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला. पाहुणे विचारतात, ‘‘काय हो, ही बिअरची बाटली तुमच्या टेबलावर?’’ मी सांगतो, हो, बिअरचीच. तसा निकाल आहे.